सायकल लेन टिकवायची कशी: नाशिकच्या रस्त्यांसाठी कामाची पद्धत

सायकल लेन एका दिवसात मरत नाही. आधी एखाद्या दुकानासमोर टेम्पो उभा राहतो. त्याच्या आडोशाला चार स्कूटर लागतात, मग एक हातगाडी येते. सायकलवाला त्या जागी मुख्य रस्त्यावर उतरतो, दोन-चार वेळा मागून हॉर्न खातो आणि पुढच्या वेळी लेनमध्ये शिरतच नाही. लेन रिकामी दिसू लागली की ‘इथे सायकली चालतातच कुठे?’ हा प्रश्न तयार होतो आणि पुढच्या डांबरीकरणात पट्टा पुसला जातो. किलोमीटरभरातले साडेनऊशे मीटर मोकळे असले तरी उरलेले पन्नास मीटर सगळी लेन निकामी करतात. म्हणून मेहनत करायची ती त्या पन्नास मीटरांवर.

पुढची पद्धत प्रभागातले रहिवासी, सायकल गट, शाळांच्या पालक समित्या आणि सोसायट्या यांना वापरता येईल. मापं अभियंत्यांशी बोलताना उपयोगी पडावीत म्हणून दिली आहेत. ‘काहीतरी करा साहेब’ असं म्हटलं की काहीच होत नाही. ‘या दोन खांबांमधलं अंतर १.९ मीटर आहे, ते १.२ करा’ असं म्हटलं की निदान नकाराचं कारण तरी लिहून द्यावं लागतं.

आधी मोजणी

नाशिकमध्ये सायकल म्हटलं की रविवारी पहाटे त्र्यंबक रोडला जाणारे हेल्मेटवाले डोळ्यांसमोर येतात. शहरात सायकल चळवळ जोरात आहे, पंढरपूरची सायकल वारी आहे. २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण करणारे महाजन बंधू इथलेच. पण संरक्षित लेनची खरी गरज या मंडळींना सर्वात कमी आहे. ते ताशी २५-३० किलोमीटरनं जातात, रहदारीत मिसळू शकतात आणि गर्दीच्या वेळा टाळू शकतात. लेन लागते ती सातपूर-अंबडच्या कारखान्यात डबा घेऊन जाणाऱ्या कामगाराला, शाळकरी मुलांना, घरकामाला जाणाऱ्या बाईला आणि दूध-पेपर टाकणाऱ्यांना. त्यांचा वेग १२-१५, आणि वेळ बदलण्याची मुभा नाही.

म्हणून मोजणीच्या वेळा त्यांच्याप्रमाणे धरा. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यांवर पाळ्या बदलण्याच्या आसपास, म्हणजे सकाळी ६ ते ८ आणि दुपारी २:३० ते ४. शाळा-कॉलेजच्या रस्त्यांवर शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा आणि संध्याकाळी ५:३० ते ८, म्हणजे क्लासेसची वेळ. एका जागी दोन माणसं बसवा, एक दिशा एकाकडे. दर १५ मिनिटांची वेगळी ओळ. रकाने एवढेच पुरेत: लेनमधून गेलेल्या सायकली, लेन सोडून मुख्य रस्त्यानं गेलेल्या सायकली, लेनमध्ये शिरलेल्या दुचाकी, त्यांतल्या उलट दिशेच्या किती. दुसरा रकाना सर्वात महत्त्वाचा. लेन असून लोक बाहेरून जात असतील, तर दोष लेनमध्ये आहे हे सिद्ध करायला दुसरं काही लागत नाही. मंगळवार ते गुरुवार यांपैकी दोन दिवस मोजा. सोमवार, शनिवार आणि सणाचे दिवस टाळा.

अडथळ्यांचा तक्ता

दुसरं काम पायी करायचं. टेप, खडू आणि मोबाइल घेऊन लेनच्या एका टोकापासून दर ५० मीटरला खूण करत जा. प्रत्येक तुकड्यात चार गोष्टी लिहा: मोकळी रुंदी (सर्वात अरुंद जागी), अडथळा कोणता, तो कायमचा की ठरावीक वेळचा, आणि कोणाच्या अखत्यारीतला.

शेवटच्या रकान्यात बहुतेक तक्रारी वाया जातात. अतिक्रमण विभागाला चेंबरबद्दल लिहिलं तर तो अर्ज फिरत राहतो. ढोबळ वाटणी अशी: हातगाड्या, टपऱ्या, दुकानाबाहेरचा माल, फलक हे अतिक्रमण विभागाकडे. उभी वाहनं वाहतूक पोलिसांकडे. खचलेले पेव्हर, तुटलेले बोलार्ड (वाहनं अडवणारे बुटके खांब), रस्त्याची पातळी हे बांधकाम विभागाकडे. चेंबर आणि जाळ्या ज्यांच्या वाहिन्या त्यांच्याकडे, म्हणजे मलनिस्सारण, पावसाळी गटार किंवा पाणीपुरवठा. डीपी (वीज वितरण पेट्या) आणि विजेचे खांब महावितरणकडे, पथदीप पालिकेच्या विद्युत विभागाकडे, फांद्या उद्यान विभागाकडे, वाळू-काचा आरोग्य विभागाच्या स्वच्छता निरीक्षकाकडे. पालिकेचे सहा विभाग आहेत (पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, नवीन नाशिक आणि नाशिकरोड), आणि अर्ज त्या विभागीय कार्यालयात द्यायचा. राजीव गांधी भवनात, म्हणजे पालिकेच्या मुख्यालयात, फक्त प्रत.

तक्ता भरून झाला की एक गोष्ट जवळपास नेहमी दिसते: अडथळे सारखे पसरलेले नसतात. पाच-सहा ठिकाणी गठ्ठ्यानं असतात, आणि प्रत्येक गठ्ठ्यामागे एकच कारण असतं. मंगल कार्यालय, क्लास, बँक, चहाची टपरी, सरकारी कार्यालय. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड घ्या. त्याच्या कडेला सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), जिल्हा न्यायालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय आहे. सकाळी दहानंतर तिथे येणाऱ्या दुचाकींना जागा हवीच असते. ती कुठे मिळेल हे न ठरवता नुसती टोइंगची गाडी फिरवली, तर गाडी पुढच्या चौकात पोचेपर्यंत मागची जागा पुन्हा भरते.

चारचाकी आणि रिक्षा: गाळ्याचं गणित

नुसत्या पांढऱ्या पट्ट्यानं चारचाकी थांबत नाही. अडवायला काहीतरी उभं लागतं, आणि त्याचं अंतर चुकलं तर पैसे पाण्यात.

तीनचाकी प्रवासी रिक्षाची रुंदी सुमारे १.३ मीटर, छोट्या मोटारीची १.५ च्या आसपास. व्हीलचेअर आणि सामान लादलेली सायकल आरामात जायला १.२ मीटर पुरतात. त्यामुळे दोन बोलार्डमधली निव्वळ मोकळी जागा १.२ मीटर ठेवायची. केंद्र ते केंद्र नव्हे, कडेपासून कडेपर्यंत. खांब १० सेंटीमीटर जाडीचा असेल तर केंद्रांतलं अंतर १.३ मीटर येतं. ठेकेदार बहुतेक वेळा ‘दीड मीटरला एक’ असं सरळ गणित करतो, मग मोकळी जागा १.४ होते आणि रिक्षा शिरते. लेनच्या तोंडाशी दोन मीटर रुंदीत एक बोलार्ड बरोबर मध्ये ठेवला, तर दोन्ही बाजूंना ९५-९५ सेंटीमीटर राहतात. सायकलला चालतं, पण मालवाहू तीनचाकी सायकल अडकते. ती त्या रस्त्यावर असेल तर लेनचं तोंड थोडं रुंद करून प्रत्येक बाजूला १.२ द्या.

लेनच्या लांबीभर खांबच लावायचे असं नाही. सलग बुटका दुभाजक, कुंड्या, किंवा लवचीक खांब आणि रबरी ठोकळे यांची जोडी, काहीही चालतं. फक्त तीन गोष्टी पाहा.

पहिली, सायकलच्या बाजूची उंची. पेडल खाली आलं की जमिनीपासून जेमतेम १०-१२ सेंटीमीटरवर असतं. कडा १५ सेंटीमीटर उंच आणि उभी असेल तर पेडल आपटण्याच्या भीतीनं माणूस तिच्यापासून फूटभर लांब राहतो. दोन मीटरची लेन दोन्ही बाजूंनी अशी कापली तर प्रत्यक्षात १.४ मीटरच वापरात येते. मोटारीकडची बाजू उंच आणि उभी, सायकलीकडची ५ सेंटीमीटरपर्यंत किंवा उतरती, असा छेद (आडव्या कापाचा नकाशा) मागा.

दुसरी, पाणी. आपल्या रस्त्यांना कडेकडे उतार असतो. सलग दुभाजकानं पाणी अडलं की जुलैमध्ये लेनच्या बाहेर तळं होतं आणि दुचाकीवाले कोरड्या लेनमध्ये घुसतात. उलट उतार असेल तर लेनचंच गटार होतं. सलग कड्यात दर दोन-अडीच मीटरला १५-२० सेंटीमीटरची फट ठेवायची, आणि पावसाळी गटाराच्या तोंडासमोर ती असलीच पाहिजे.

तिसरी, पाया. लवचीक खांब डांबरावर छोट्या खिळबोल्टांनी बसवले तर एप्रिल-मेच्या उन्हात डांबर मऊ होऊन ते उपटतात. काँक्रीटमध्ये भोक पाडून, धूळ झटकून केमिकल अँकरनं बसवलेला खांब टिकतो. डांबरावर बसवायचा असेल तर खाली काँक्रीटचा ठोकळा हवा. खांब तुटला तरी बोल्ट तसेच वर राहतात आणि अंधारात तेच सायकलवाल्याला पाडतात. म्हणून दुरुस्तीच्या अर्जात ‘बोल्ट कापून पृष्ठभाग सपाट करणे’ हे स्वतंत्र वाक्य लिहा.

मोटारी लेनला लागून अधिकृतपणे उभ्या राहत असतील, तर मध्ये किमान ७० सेंटीमीटर, जमल्यास एक मीटरचा पट्टा सोडावा लागतो. उघडणारं दार तेवढीच जागा घेतं. ‘जागा नाही’ असं उत्तर येईल. तेव्हा मोटारींच्या लेनची रुंदी मोजा. शहरातल्या वेगाला साडेतीन मीटरची लेन लागत नाही, ३.२ पुरते. दोन लेनमधून ६० सेंटीमीटर तिथेच निघतात.

दुचाकी: इथे खांब कामाचे नाहीत

स्कूटर सुमारे ७० सेंटीमीटर रुंद असते, सायकलचं हँडल ५५ ते ६५, काही गिअरच्या सायकलींचं त्याहून जास्त. या फरकात बसणारी कुठलीही चाळण नाही. जी जाळी स्कूटर अडवते ती सायकलही अडवते आणि व्हीलचेअर तर नक्कीच. तरीही वाकडेतिकडे पाइप लावून दुचाकी रोखण्याचे प्रयोग होत राहतात. परिणाम एवढाच की सायकलवाले बाहेरून जातात आणि स्कूटरवाले पाइपाशेजारचा पेव्हर उखडून वाट करतात.

दुचाकी लेनमध्ये का शिरते ते पाहा. दोनच मोठी कारणं आहेत. एक म्हणजे पुढे सिग्नलला रांग आहे आणि लेन रिकामी आहे. दुसरं म्हणजे पलीकडे जायचंय, पण दुभाजकातली मोकळी वाट (पंक्चर) लांब आहे, म्हणून राँग साइड. दुसऱ्याचा पुरावा मोजणीच्या चौथ्या रकान्यात मिळतो. उलट दिशेच्या दुचाकी एकाच गल्लीतून निघून एकाच गल्लीत जात असतील, तर तिथे सुरक्षित वळणाची किंवा ओलांडण्याची सोय मागा. दंडानं त्या थोड्या कमी होतील, बंद होणार नाहीत. रांग टाळणाऱ्यांसाठी मात्र लेन रस्त्याच्या पातळीवरून उचलणं हाच खरा उपाय: फूटपाथपेक्षा खाली, रस्त्यापेक्षा वर, म्हणजे साधारण ७-८ सेंटीमीटर. मधूनच वर चढणं नकोसं होतं. त्याच्या जोडीला सिग्नलच्या आधीच्या शेवटच्या ३० मीटरांत लेनची रस्त्याकडची बाजू खांबांनी पूर्ण बंद हवी.

स्पीडब्रेकर मात्र लेनमध्ये कधीही मागू नका. स्कूटरला शॉकअप असतात, सायकलला नसतात.

चौक

सरळ भागात त्रास होतो, जीव जातो तो चौकात. डावीकडे वळणाऱ्या ट्रकला किंवा बसला शेजारून सरळ जाणारी सायकल दिसत नाही. लेन चौकाच्या ३० मीटर आधीच संपवून सायकलींना रहदारीत सोडणं ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. सर्वात जास्त गरज जिथे, तिथेच संरक्षण काढून घेतलं जातं.

लहान गल्ल्यांच्या तोंडाशी उपाय सोपा आहे. लेन आहे त्या उंचीवर, त्याच रंगात सलग पुढे न्यायची, आणि गल्लीतल्या वाहनांनी तिच्यावर चढून उतरायचं. गल्लीची वळणाची त्रिज्या ४-५ मीटरवर आणा. ८-१० मीटरच्या गोल कोपऱ्यावरून मोटार वेग न कमी करता वळते. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना १० मीटर एकही वाहन उभं राहू देऊ नका, कारण उभ्या रिक्षाआडून येणारी सायकल कोणालाच दिसत नाही.

मोठ्या सिग्नलला सायकलींचा थांबा मोटारींच्या रेषेच्या तीन मीटर पुढे असावा. लेन वळणाच्या जागी मुख्य रस्त्यापासून एका मोटारीच्या लांबीइतकी, म्हणजे पाचेक मीटर, आत सरकवता आली तर उत्तम. वळलेली मोटार सायकलीसमोर काटकोनात येते आणि चालकाला काचेतून सायकल दिसते. त्र्यंबक रोड, मुंबई नाका अशा ठिकाणी त्याला जागा आहे. रविवार कारंजासारख्या जुन्या भागात नाही, आणि तिथे हट्ट धरू नये. तिथे सगळ्याच वाहनांचा वेग कमी करणं जास्त शहाणपणाचं.

लाल-हिरवा रंग फक्त याच जागी वापरा. पूर्ण लेन हिरवी रंगवली की उद्घाटनाचा फोटो छान येतो, पण साधा रंग ओला झाला की चाक घसरतं आणि दोन पावसाळ्यांत तो उडतो. थर्मोप्लास्टिक (तापवून लावायचा) पट्टा २.५ मिलिमीटर जाडीचा, वर काचेचे मणी, आणि पूर्ण कोरड्या पृष्ठभागावर. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरनंतरच हे काम काढा.

बस थांबा, झाडं, जाळ्या

सिटीलिंकचा थांबा लेनवर आला की बस तिरकी घुसते, प्रवासी लेनमध्ये उभे राहतात. थांबा रस्त्याकडे आणि लेन थांब्याच्या मागून, ही रचना करायची. थांब्याचा चौथरा किमान दोन मीटर रुंद, आणि लेन ओलांडायला एक-दोन ठिकाणी उचललेला पांढरा पट्टा. तिथे सायकलवाल्यानं थांबायचं, प्रवाशानं नाही, हे फलकावर लिहा.

झाड आडवं आलं तर लेन वळवा. वळण हळू हवं: एक मीटर बाजूला सरकायला किमान दहा मीटर लांबी. बुंध्याभोवती एक मीटर माती मोकळी ठेवा. पेव्हर बुंध्याला भिडवले की मुळं ते उचलतात आणि दोन वर्षांत उंचवटा तयार होतो. खालच्या फांद्या अडीच मीटरच्या वर हव्यात. छाटणीला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते; १९७५ चा झाडांविषयीचा कायदा शहरात लागू आहे, तेव्हा हातात कुऱ्हाड घेऊ नका.

गटाराच्या जाळीचे गज चाकाच्या दिशेला समांतर असतील तर २५-३० मिलिमीटरचं चाक सरळ आत जातं. जाळी ९० अंशात फिरवून बसवणं हे दहा मिनिटांचं काम आहे आणि सगळ्या यादीत सर्वात स्वस्त. आधी हेच करून घ्या. चेंबरची झाकणं डांबरीकरणानंतर खाली जातात. नवीन थर टाकण्याआधी ‘झाकणं पातळीवर उचलणे’ ही बाब अंदाजपत्रकात आहे का, ते विचारा. पेव्हर ब्लॉकपेक्षा डांबर किंवा काँक्रीट नेहमी बरं. ब्लॉकच्या सांध्यांनी हात भरून येतात, आणि एखादी जड गाडी त्यावर चढली की खड्डा.

दुकानदार आणि फेरीवाले

यांच्याशी भांडून लेन टिकत नाही. दुकानदाराला भीती असते की गिऱ्हाईक गाडी लावायला जागा नाही म्हणून पुढे जाईल. त्याला गणित दाखवा: एका मोटारीला सुमारे १२ चौरस मीटर लागतात, तेवढ्यात आठ-दहा सायकली किंवा पाच-सहा दुचाकी मावतात. माल उतरवायला सकाळची ठरावीक वेळ आणि जवळच्या गल्लीत एक राखीव जागा, एवढ्यावर बहुतेक तयार होतात. तयार झालेल्या दोघा-तिघांकडून लेखी घ्या. पुढच्या बैठकीत ते कागद बोलतात.

इमारतीकडेही पाहा. मंजूर नकाशात तळमजल्यावर पार्किंग आणि प्रत्यक्षात गाळे असतील, तर लेनवरच्या गाड्या तिथून बाहेर पडल्या आहेत. हा नगररचना विभागाचा विषय आहे आणि मंजूर नकाशा माहिती अधिकारात मिळतो. एका इमारतीचं बेसमेंट मोकळं झालं तर महिनाभराच्या टोइंगपेक्षा जास्त फरक पडतो. हे पाऊल मात्र शेवटी उचला, कारण यानंतर ओळखीच्या लोकांशी वैर येतं.

फेरीवाल्यांना २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचं संरक्षण आहे. ‘हटवा’ एवढंच लिहिलेल्या अर्जानं आज हातगाडी उचलली जाते आणि परवा ती परत येते. ‘लेनपासून दीड मीटर आत, अमुक मोकळ्या जागेत सरकवा’ असं लिहा, आणि ती जागा आधी स्वतः मोजून ठेवा.

कागद

वाहनांवर कारवाई हवी असेल तर पहिला प्रश्न: त्या तुकड्याला ‘नो पार्किंग’ची अधिसूचना आहे का? मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११५ आणि ११६ खाली पोलीस अशी बंधनं घालतात आणि फलक लावतात. अधिसूचना नाही, फलक झाडाआड गेलाय, किंवा तो पुढच्या चौकात आहे, अशा ठिकाणी वाद होतो आणि कारवाई ढिली पडते. तसं असेल तर आधी अधिसूचनेसाठीच अर्ज करा. धोकादायकरीत्या उभ्या केलेल्या वाहनासाठी कलम १२२ आहे, बेवारस वाहन हलवायला १२७. रस्त्यावर ठेवलेला माल आणि बांधकामं यांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातली कलमं २२९ ते २३१ आहेत. त्यांतलं २३१ आयुक्तांना नोटिशीशिवाय अडथळा काढण्याचा अधिकार देतं.

फोटोत तीन गोष्टी एकत्र हव्यात: वाहनाचा क्रमांक, लेनचं चिन्ह, आणि जागा ओळखता येईल अशी खूण. माणसांचे चेहरे नकोत. महाट्रॅफिक ॲपवर किंवा पालिकेच्या ई-कनेक्टवर टाका आणि तक्रार क्रमांक तक्त्यात लिहा.

अर्जाची भाषा अशी ठेवा:

‘विषय: (रस्ता) येथील सायकल ट्रॅकवरील अडथळा दूर करणेबाबत. (ठिकाण) ते (ठिकाण) या ५० मीटर लांबीत ट्रॅकची मोकळी रुंदी ०.७ मीटर आढळली. मंजूर रुंदी २ मीटर आहे. सोबत फोटो, मोजणी तक्ता. सदर अडथळा दूर करून दोन बोलार्डमधील निव्वळ अंतर १.२ मीटर करण्यात यावे. केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती द्यावी.’

एका अर्जात एकच जागा. दहा जागा एकत्र लिहिल्या की सर्वात सोपी एक होते आणि अर्ज निकाली निघतो. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का घ्या.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, विषय एक, मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘लेन का मोकळी नाही?’ असं विचारू नका, कारण देण्याचं बंधन त्यांच्यावर नाही, कागद मागा. कार्यारंभ आदेश, छेदासह मंजूर आराखडा, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी, दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख आणि गेल्या दोन वर्षांत त्या रस्त्यावर दिलेले खोदकाम परवाने. दोषदायित्व कालावधी चालू असेल तर खचलेले पेव्हर आणि सैल खांब ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचे असतात, आणि ही तारीख माहीत नसल्यानं किती दुरुस्त्या पुन्हा पालिकेच्या पैशानं होत असतील ते सांगायला नको. ३० दिवसांत माहिती नाही आली तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये.

नवीन रस्त्यांचं वेळापत्रक वेगळं. २०२७ च्या सिंहस्थासाठी जी कामं निघतात त्यांत लेन हवी असेल तर निविदेआधी बोलायला हवं. एकदा छेद ठरून निविदा निघाली की दोन मीटरसाठी सुधारित मंजुरी लागते आणि ती कोणी घेत नाही. अभियंत्याकडे जाताना भारतीय रस्ते काँग्रेसची आयआरसी:११-२०१५ ही सायकल ट्रॅकची मार्गदर्शिका नावानिशी सांगा.

लेन चालू राहावी म्हणून

झाडणं हा सर्वात दुर्लक्षित भाग. लेन बंदिस्त केली की झाडणारं मोठं यंत्र आत जात नाही आणि रस्त्यावरची खडी, काच वाऱ्यानं आणि चाकांनी तिथेच साठते. संरक्षण झाल्यावर लेन घाण झाली, असं दिसतं ते यामुळे. आराखडा मंजूर होतानाच लेनची लांबी कोणत्या सफाई कामगाराच्या बीटमध्ये आहे ते लिहून घ्या. घंटागाडी कुठे उभी राहते तेही पाहा. तिला चालकाशी बोलून वीस मीटर पुढे-मागे करता येतं.

गॅस किंवा केबलसाठी चर खोदला की तो थर देऊन, दाबून भरायचा असतो. एकदम माती लोटून वर डांबर टाकलं तर पहिल्या पावसात चर बसतो आणि लेनमध्ये आडवी नाली तयार होते. चर उघडा असतानाच फोटो काढा. बुजल्यावर काही सिद्ध होत नाही.

खांबांपैकी दरवर्षी काही तुटणारच. कामाच्या वेळीच एकूण संख्येच्या दहा टक्के खांब जादा घेऊन विभागीय कार्यालयाच्या गोदामात ठेवायला सांगा. तुटलेल्या एका खांबाच्या जागेतून पहिली मोटार शिरते, आणि एका खांबासाठी स्वतंत्र निविदा कोणी काढत नाही.

गणेशोत्सव-नवरात्रीच्या मंडपांची परवानगी सणाच्या महिनाभर आधी मागितली जाते, तेव्हाच मंडळाच्या कार्यकर्त्यांना भेटा. मंडप फुटभर सरकवून १.२ मीटरची वाट ठेवायला बहुतेक मंडळं तयार होतात. विसर्जनानंतर भेटलं तर काहीच हाती लागत नाही. बांबू आणि कमानींसाठी पाडलेली भोकं ही त्यानंतरची अडचण. आठ-दहा सेंटीमीटरचं भोक मातीनं बुजवलं की चार दिवसांत उघडं पडतं. मंडप उतरल्याच्या आठवड्यात लेनवरून एक फेरी मारा, प्रत्येक भोकाभोवती खडूनं गोल करा, आणि काँक्रीटनं भरण्यासाठी मंडळाच्या परवानगी क्रमांकासह विभागाला यादी द्या.